हरडबाईंचा तास

६ जानेवारी, सोमवार

पुन्हा हसले! बाराच्या तासाला शेजारच्या लॅबमधून अख्खा वर्ग हसला, आणि मी इकडे फळ्यावर न्यूटन-राफसनची चौथी पायरी मांडत होतो. खडू मोडला. गणिताच्या तासाला हसण्यासारखं काय असतं, ते मला एकदा कोणीतरी समजावून सांगावं.

नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी वाचलं तर राग नेमका कशाचा होता ते कळेल. हरडबाई म्हणजे अपेक्षा हरड. मुरबाडच्या. आमच्याच संस्थेच्या तिकडच्या कॉलेजात आहेत. या सत्रापासून शहापूरला तासांना येतात. स्कूटीवरून, किन्हवलीच्या रस्त्याने, पाठीवर लॅपटॉपची सॅक. वय असेल सव्वीस-सत्तावीस. शिकवतात काय, तर 'सायंटिफिक कॉम्प्युटिंग'. म्हणजे मी इतकी वर्षं फळा, खडू आणि कॅल्क्युलेटरवर जे शिकवलं तेच! समीकरणाच्या उत्तराजवळ हळूहळू कसं सरकायचं, वक्राखालची जागा तुकडे पाडून कशी मोजायची... फक्त करणार मशीन. जूनपासून माझा 'न्यूमरिकल मेथड्स'चा पेपर बंद आणि त्याच्या जागी हा. तो कोण शिकवणार, ते ठरायचंय. सध्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांवर चाचणी चाललीय. फेब्रुवारीत विद्यापीठाची समिती येऊन बघणार, मग प्राचार्य नाव सांगणार.

माझा पेपर आहे तो. माझा!

८ जानेवारी, बुधवार

आज हसले नाहीत. टाळ्या वाजवल्या.

१० जानेवारी, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे आमच्याकडे लाइट नसण्याचा वार. दुरुस्तीच्या नावाखाली सकाळी जाते ती संध्याकाळी येते. मी सकाळपासून खुशीत. म्हटलं, आता बघू हरडबाई काय करतात! लाइट नसली की त्यांची ती मशिनं म्हणजे पत्र्याचे डबे. माझ्या खडूला वायर लागत नाही.

तर बाईंनी वर्ग बाहेर काढला, चिंचेखाली. मी व्हरांड्यात उभा राहिलो. ऐकायला नाही, वारा खायला.

वर्गातल्या संजूला तिनं भाजीवाला केलं. (इथे 'ती'च लिहिणार. वही माझी आहे.) म्हणाली, "वांग्याच्या किलोचा भाव मनात धर. शंभरच्या आतला. सांगू नको. आम्ही विचारू, तू फक्त जास्त का कमी ते सांग." कोणी म्हणालं पन्नास. संजू म्हणाला, "नाय परवडत मॅडम, वर चढा." पंचाहत्तर? "आता लय दिलं, थोडा परत घ्या." हसून हसून पोरं आडवी. दर वेळी मधला भाव, दर वेळी अर्धा बाजार बाद. चार-पाच खेपेत संजूच्या मनातला भाव सापडला. मग ती म्हणाली, "हीच बायसेक्शन मेथड. मशीन एवढंच करतं, फक्त वांगी विकत घेत नाही."

मी ही पद्धत 'समजा f हे सलग फल आहे' अशी सुरू करतो. दर वर्षी. पहिल्या ओळीलाच मागचे बाक खिडकीबाहेर बघायला लागतात.

मला हे का सुचलं नाही? आमच्या आईनं उभं आयुष्य शहापूरच्या बाजारात भाजी विकली. भाव तोडायला येणारी गिऱ्हाइकं मी लहानपणापासून बघितली. आणि सुचलं कोणाला, तर मुरबाडच्या बाईला!

जळतो मी. लिहूनच टाकलं.

११ जानेवारी, शनिवार

रुपा म्हणाली, "जेवाया बसलं का तिचाच नाव काढता तुमी. दुसरी बायको असती तर येव्हाना माहेराला गेली असती." मी म्हटलं, विषय शिक्षणाचा आहे. ती म्हणाली, "तेच तर. शिक्षणाचा हाय म्हणून भात निवला तरी कळला नाय."

आमटी मात्र सगळी संपवली मी. रागात भूक लागते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पोरं तिळगूळ घेऊन आली. आधी लॅबमध्ये, मग स्टाफरूममध्ये. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर डब्यांत चुरा उरला होता. हरडबाईंनी स्वतः घरून लाडू आणले होते, मुरबाडच्या आईच्या हातचे. "घ्या सर, गोड बोला." मी म्हटलं, मी नेहमी गोडच बोलतो. अख्खी स्टाफरूम खाली बघून हसली.

लाडू चांगले होते. दुसरा मागितला नाही.

२० जानेवारी, सोमवार

कोणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहितो. काल मोबाइलवर पायथन, म्हणजे हरडबाई मशीनशी बोलतात ती भाषा, उतरवून घेतलं. गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे बसून! रुपा कपडे काढायला वर आली तेव्हा फोन उलटा केला. तिला काय वाटलं असेल देव जाणे.

पहिलीच ओळ. x बरोबर पाच. मशीन खेकसलं! अवैध अक्षर, म्हणे. बघतो तर कीबोर्ड मराठीवर राहिला होता आणि मी '५' लिहिला होता. मराठी पाच चालत नाही त्याला. इंग्रजी टाकला तेव्हा थंड झालं. पुढच्या ओळीला दोन मोकळ्या जागा जास्त पडल्या, तर पुन्हा बोंब.

मी चुका काढणारा माणूस आहे. नोटीस बोर्डावरच्या प्राचार्यांच्या सूचनेतली तारीख मी लाल पेनाने दुरुस्त केलेली आहे, प्राचार्य शेजारी उभे असताना. पोरं म्हणतात, भेरे सरांच्या नजरेतून मुंगीसुद्धा चुकीच्या बाजूनं जात नाही. आणि हे तळहाताएवढं यंत्र मला लाल अक्षरांत चूक दाखवतं!

तरी संध्याकाळपर्यंत बसलो. वर्गमूळ काढणारा प्रोग्रॅम झाला. एंटर दाबायच्या आत उत्तर. मला फळ्यावर अर्धा तास लागतो. खूप बरं वाटलं, आणि लगेच खूप वाईट वाटलं.

२२ जानेवारी, बुधवार

सापडली! मशीनची चूक सापडली!

०.१ अधिक ०.२ विचारलं. पोर सांगेल, ०.३. मशीनने सांगितलं ०.३, पुढे शून्यांची ही लांब रांग, आणि शेपटाला एक ४. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मधल्या सुट्टीत फोन घेऊन थेट तिच्या टेबलापाशी. सगळे चहा पीत होते. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "मॅडम, तुमच्या मशीनला शाळेतली बेरीज येत नाही."

वाटलं, चिडेल, निदान गोरीमोरी होईल. तर ती उठून उभीच राहिली. खुश होऊन! "सर, तुम्ही पायथन टाकलंत?" झालं, टाकीमागचं गुपित चव्हाट्यावर. मग म्हणाली, "हे पोरांना तुम्हीच सांगा ना. मशीन आकडा तोडून ठेवतं, आणि ती बारीक चूक पुढे कशी वाढत जाते... मी हे नुसतं वाचलंय सर. तुम्ही हातानं केलंय. माझा उद्याचा तास घ्या."

मी म्हटलं, वेळ नाही.

वेळ होता. स्टाफरूममध्ये बसून परवाचं वर्तमानपत्र पुन्हा वाचलं.

माणसाशी भांडायला गेलं आणि त्यानं बसायला खुर्ची दिली, तर काय करायचं? तिच्यातली हीच गोष्ट मला सहन होत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

आज ललिताचं लिहायचंय. ललिता मुकणे. तानसाच्या बाजूच्या, जंगलातल्या पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकली, आता इथल्या वसतिगृहात असते. पहिल्या वर्षाला शेवटच्या बाकावर बसायची आणि तोंड म्हणून उघडायची नाही. एकदा मी फळ्यावर घनमूळ काढताना शेवटच्या आकड्याला अडखळलो, तर मागून बारीक आवाज आला, "सर, सात." सातच होता. त्या दिवशी तिला उठवून पहिल्या बाकावर आणलं. पाड्यावर जाऊन तिच्या बापाशी बोललो, लग्नाची घाई करू नका म्हणून. माझी विद्यार्थिनी आहे ती.

आज व्हरांड्यात भेटली. समितीसमोर तिचा प्रोजेक्ट दाखवणार आहेत. म्हणाली, "सर, मॅडम म्हनल्या विहीर घे."

पाड्यावरची विहीर. दिवाळीपासून दर रविवारी अंगणवाडीची भागीरथीताई दोराला दगड बांधून विहिरीत सोडते, पाणी किती फूट उरलं ते बघते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा पाठवते. ललिता ते आकडे फाइलमध्ये भरते. प्रोग्रॅम त्यांतून वक्र काढतो, आणि वक्र शून्याला कधी टेकेल, म्हणजे विहीर कधी आटेल, ते सांगतो. "आटल्यावर अर्ज केला का टँकर यायला पंधरवडा जातो सर. तवर आई वढ्यात खड्डा करून वाटी-वाटीनं पानी भरते. आधीच कळलं तर आधीच अर्ज करता येल."

वक्र जुळवायचा आणि तो शून्याला कुठे टेकतो ते काढायचं! माझ्या पेपरातले दोन्ही धडे! मी ते 'खालील सारणीवरून y ची किंमत काढा' म्हणून शिकवले, हिनं विहीर घे म्हटलं. छान म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं काय, तर, "वक्र जुळवायची ही कमीत कमी वर्गांची रीत मी शिकवली होती, आठवते ना?"

"हो सर," म्हणाली. "मॅडमनी परत नीट सांगितली."

परत. नीट.

३१ जानेवारी, शुक्रवार

लाइट नाही. हरडबाई निघाल्या तेव्हा ललिता त्यांचं हेल्मेट हातात घेऊन फाटकापर्यंत गेली. दोघी काहीतरी बोलत उभ्या राहिल्या, ऊन असून. माझी छत्री कधी कोणी धरली नाही.

असलं लिहायची लाज वाटते. पण वाटतं ते वाटतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

प्राचार्य म्हणाले, समिती शनिवारी येतेय. म्हणाले, "भेरे सर, तुम्हीही बसा लॅबमध्ये, ज्येष्ठ म्हणून." ज्येष्ठ! हा शब्द निवृत्तीच्या सत्काराला वापरतात. मी विचारलं, पेपरचं काय? म्हणाले, "पोरं काय दाखवतात त्यावर आहे सगळं."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

लाइट नव्हतीच. लॅबमध्ये ललिता कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपवर फाइल पुरी करत होती. बॅटरी संपत आलेली. भागीरथीताईच्या फोनला गेले काही आठवडे रेंज नव्हती, म्हणून मधले आकडे राहिले होते. ते आज सकाळी एकदम आले. ललितानं घाईत व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलले आणि फाइलच्या तळाला चिकटवले. हरडबाई दाराशी प्राचार्यांशी खुर्च्या कुठे मांडायच्या ते बोलत होती.

"सर, जरा नजर टाकता?" ललिता म्हणाली. "आता चालवाया बॅटरी पुरायची नाय. पन तुमाला लगेच दिसतं."

मी चष्मा पुसला आणि वाकलो. वरचे आकडे सगळे इंग्रजी, तिनं स्वतः टाकलेले. शेवटचे पाच मराठी. ११.५, १०.८... भागीरथीताई मराठीतच लिहिते, आणि ते तसेच्या तसे खाली येऊन बसले होते. लगेच दिसलं. लगेच! गच्चीवरचा माझा '५' आठवला. अवैध अक्षर. उद्या समितीसमोर एंटर दाबलं की पडदाभर लाल बोंब.

बोट उचललं होतं मी. एवढं म्हणायचं होतं, हे पाच बदल. मिनिटाचं काम.

दाराकडे बघितलं. हरडबाई आमच्याकडेच बघत होती. हसली. मी चष्मा काढून खिशात ठेवला.

"झालं सर?"

"झालं," म्हटलं आणि बाहेर आलो. मागे लॅपटॉप बंद झाल्याचा आवाज.

खोटं बोललो नाही. झालं म्हणजे काय, ते कोणी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी, पुन्हा

रुपानं विचारलं, बरं वाटत नाय का? म्हटलं, उद्या समिती आहे. "तुमची कुठं, त्या बाईची हाय ना?" म्हटलं, हो, तिचीच.

वसतिगृहात फोन करून ललिताला सांगता येईल अजून. तिच्या मैत्रिणीचा नंबर आहे माझ्याकडे.

८ फेब्रुवारी, शनिवार

फोन केला नाही.

समितीचे अध्यक्ष पांढऱ्या मिशीचे, मऊ बोलणारे. मी मागच्या रांगेत बसलो. आधी संजूनं काहीतरी दाखवलं, मला एक अक्षर आठवत नाही. मग ललिता उठली. सकाळपासून लाइट होती तरी बिचारीला चालवून बघायला वेळ मिळाला नव्हता; खुर्च्या, बॅनर, नारळ, गुच्छ, सगळं पोरींकडेच. आज पहिल्यांदा जांभळा ड्रेस बघितला तिच्या अंगावर. कोणाकडून तरी मागून आणला असणार, खांद्याला मोठा होत होता. विहिरीचं सांगितलं. दगडाचं, दोराचं. आवाज कापत होता पण थांबला नाही. मग पडद्यावर फाइल उघडली, आणि तळाचे पाच मराठी आकडे भिंतीएवढे मोठे होऊन समोर आले.

हरडबाईनं ते तेव्हाच पाहिले. चेहऱ्यावरचा रंग उतरला तिच्या. मला वाटलं, आता धावेल. पण तिनं मान वळवून मागे पाहिलं, माझ्याकडे. क्षणभरच. आणि निवांत झाली. हात बांधून भिंतीला टेकून उभी राहिली.

ललितानं एंटर दाबलं. माझ्या मुठी आवळलेल्या. कशासाठी आवळल्या होत्या, ते आता सांगता यायचं नाही. पोरगी तिथे एकटी उभी होती.

चाललं.

एकही बोंब नाही! पडद्यावर ठिपके पडले, मधून वक्र गेला, आणि खाली उतरत उतरत शून्याला टेकला. एप्रिलचा दुसरा आठवडा. अध्यक्षांनी विचारलं, "हे मराठी आकडे मशीनला कळले?" ललिता म्हणाली, "कळले असतील सर, भागीरथीताईचं अक्षर चांगलं हाय." सगळे हसले. अध्यक्ष मिश्या पुसत म्हणाले, टँकरच्या अर्जाची प्रत मलाही द्या, तहसीलदारांना मी बोलतो.

टाळ्या. मीही वाजवल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

गच्चीवर, टाकीमागे नाही, उघड्यावर बसून करून बघितलं. प्रोग्रॅमच्या आत मराठी आकडा लिहिला तर चालत नाही. पण बाहेरच्या फाइलमधून वाचायला दिला तर घेतं! मराठी पाच म्हणजे पाचच, हे त्याला माहीत असतं. मला माहीत नव्हतं.

म्हणजे चूक नव्हतीच. मी जी चूक बघून गप्प बसलो ती चूकच नव्हती. याला सुटका म्हणायचं का?

नशीबसुद्धा तिच्याच बाजूनं! आणि वर ते मागे वळून बघणं. जिरवली, असंच म्हणाली ती डोळ्यांनी. तिला नक्कीच माहीत होतं की चालतं. मला वाकलेला बघून मुद्दाम हसली असणार दारातून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पेपर तिला जाणार. शिपाईसुद्धा मला दोनदा चहा विचारतो हल्ली.

रुपा म्हणाली, "जाऊ द्या ना. पोरांचं भलं होतं ना तिच्या हातून?" होतं. तेच तर दुखतं. वाईट शिकवत असती तर मी किती सुखी असतो!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ललिता टँकरच्या अर्जाचा मसुदा घेऊन आली. माझ्याकडे, हरडबाईकडे नाही. "सर, चूक असली तर सांगा." मी तीनदा वाचला. एक स्वल्पविराम होता जास्तीचा. तो काढला. मग जाताना तिला थांबवून काहीतरी सांगणार होतो. म्हटलं, "आईला विचारलं म्हणून सांग."

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. पेपर दोघांना! जूनपासून हरडबाई आणि मी, एकत्र. म्हणाले, "मॅडमनीच मागून घेतलंय, समितीची गाडी फाटकाबाहेर जायच्या आत. मी विचारलं, एकट्या का नाही घेत? तर म्हणाल्या, पडद्यावर ते मराठी आकडे दिसले तेव्हा माझा जीवच गेला होता सर. मग आठवलं, काल भेरे सरांनी वाकून फाइल बघितलीय. चूक असती तर ते गप्प बसलेच नसते."

प्राचार्य हसले. "खरं की नाही, भेरे सर?"

मी गप्प बसलो.